पटवाऱ्याचं दार

जीवनच्या दुकानात गेलं की तो मान वर करत नाही, नुसता हात वर करतो. हातात स्क्रूड्रायव्हर असतो. त्याचा अर्थ, थांब. मग तुम्ही थांबायचं. तेलंगणातल्या आमच्या गुडीहत्नूरच्या बसस्टँडजवळ त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे आणि शेजारी माझं झेरॉक्सचं, त्यामुळे थांबण्यात माझी उमर गेली. आजूबाजूच्या निम्म्या विहिरींवरच्या मोटरी त्याच्या हाताखालून गेल्यात. त्यातल्या बऱ्याच परत चालूही झाल्या. हे 'बऱ्याच' त्याला आवडत नाही.

माणूस मेहनती. फक्त सरळ होणारं काम त्याला सरळ करवत नाही. घरातली पाण्याची टाकी भरली की पूर्वी पाणी वाहायचं आणि ते माणसाला दिसायचं. जीवननं तिला भोंगा बसवला. आता टाकी भरली तरी वाजतो, रिकामी झाली तरी वाजतो, आणि वाजला की माणूस जाऊन पाणी वाहतंय का ते पाहतो.

पण यंदा काम खरोखर गरजेचं होतं. त्याच्या आईच्या, देवकाबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने उठबस कमी, आणि पडायचं तर अजिबात नाही. एकदा पडल्या तर केलेलं सगळं वाया. घरी येऊन आठवडा झाला नाही तोच देवकाबाई पडता पडता वाचल्या. कुत्र्यासाठी दार उघडायला उठल्या होत्या.

कुत्र्याचं नाव पटवारी. गावातला खरा पटवारी, म्हणजे तलाठी, सरकारनं कधीच बंद केला, हा चालू आहे. जेवणाच्या वेळेला प्रत्येक घरी चौकशी करून येतो. दिवसातून तीसेक वेळा बाहेर जातो, तितक्याच वेळा आत येतो आणि प्रत्येक वेळी मागच्या दाराला नखं घासतो. जीवन दिवसभर दुकानात. मग उठणार कोण?

"दार उघडंच ठेवा ना काकू," मी एकदा म्हणालो.

"अन् वांदरं?" देवकाबाई म्हणाल्या. "परवा चुलीवरची भाकर नेली लेकाच्यानं. तवा तेवढा राहू दिला, उपकार केले."

ते खरं होतं. आमच्याकडे वानरं घरात शिरतात ती पाहुण्यासारखी, सगळ्या खोल्या बघून. तेव्हा दार असं हवं होतं की कुत्रा आला तर उघडेल आणि वानर आलं तर नाही.

किनवटला दिलेली जीवनची बहीण तेजस्विनी फोनवर म्हणाली, "दादा, दार-बिर काई करू नको. रविवारी आमची पिकअप घेऊन येतो अन् कुत्र्याले बाजारहत्नूरले मामाच्या वावरात सोडतो. मायचा पाय मोठा का कुत्रं मोठं?"

देवकाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पटवाऱ्याच्या वाटची भाकर मात्र बाजूला काढून ठेवली.

"तीन आठवडे दे," जीवन बहिणीला म्हणाला. "तिसऱ्या रविवारी दार नाई चाललं तं घेऊन जा."

आता हे दार ऐका. मागच्या लाकडी दाराला खाली चौकोनी भोक, त्याला प्लायवूडची झडप, झडपेला भंगारातल्या जीपच्या सेंट्रल लॉकची मोटर. पटवाऱ्याच्या गळ्यात नाण्याएवढा बिल्ला, ऑनलाइन मागवलेला. त्यात त्याचा नंबर. उंबरठ्यात खाच करून तारेची कॉइल बसवलेली. कुत्रा जवळ आला की कॉइल बिल्ल्याचा नंबर वाचणार, नंबर जुळला की कडी 'टक' करून सुटणार. वानराकडे बिल्ला नाही, वानर बाहेर.

दुकानात टेबलावर पहिल्याच दिवशी टक झालं. जीवननं मला चहा पाजला. तो आतापर्यंतचा त्याचा दुसरा चहा.

घरी बसवलं, टक नाही.

काढून दुकानात आणलं, टक. घरी नेलं, काही नाही. असं चार वेळा. गल्लीतले लोक त्याला वायरी घेऊन जाता-येताना पाहत होते. दुकानात गिऱ्हाईक मोटर टाकायला यायचं आणि आधी विचारायचं, "अन्ना, कुक्का वच्चिंदा?" कुत्रं आलं का? जीवन स्क्रूड्रायव्हर वर करायचा.

मग त्यानं दोष वाटायला सुरुवात केली. आधी व्होल्टेज कमी म्हणाला. मग पटवाऱ्याचे केस दाट म्हणून त्याची मान भादरली. मग पाणी. रोज सकाळी शेजारच्या कौशल्याबाई येऊन उंबरठा धुवायच्या, हळदकुंकू वाहायच्या, कारण देवकाबाईंना वाकता येत नव्हतं.

"मावशी, पंधरा दिवस पाणी नका टाकू," जीवन म्हणाला.

"तुया कुत्र्यासाठी लक्ष्मी पारोशी ठेवू का?" असं म्हणून कौशल्याबाईंनी एक तांब्या जास्त ओतला.

त्यानं कॉइलवर मेण ओतलं. काही नाही. आदिलाबादला जाऊन दुसरा रीडर, म्हणजे कॉइलला जोडलेला नंबर वाचणारा डबा, आणला. तोही दुकानात शहाणा, घरी मुका. शेवटचा शनिवार उजाडला. जीवननं बॅटरीसकट सगळं सामान अंगणात आणून आपटलं. पडल्या पडल्या त्यातून आवाज आला, टक. पटवारी शेजारीच शेपूट हलवत उभा होता.

"पाह्य!" जीवन ओरडला. "मले चिडवून राह्यलं हे!"

देवकाबाई खुर्चीवर बसून हे तीन आठवडे बघत होत्या. म्हणाल्या, "बापू, मशीन तेच, कुत्रं तेच, अन् तू बी तोच. मंग उंबरठ्यात असं काय हाय जे अंगणात नाई?"

जीवननं उंबरठ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मधोमध घोड्याची नाल, कुंकवानं लालभडक. घर बांधलं तेव्हा त्याच्या वडिलांनी, यशवंतरावांनी, ठोकलेली. आणि नालेला धक्का नको म्हणून जीवननं कॉइलची खाच बरोबर तिच्या भोवतीनं काढली होती. कॉइलच्या पोटात पावशेर लोखंड, मग ती बिल्ला वाचणार कशी? मोटरी वाइंड करणारा माणूस! हातात लोखंड आलं तर झोपेत ओळखतो, पण नाल त्याच्या लेखी लोखंड नव्हतीच कधी.

"पक्कड आण," तो मला म्हणाला.

"नालेले हात लावशील तं पाह्य," देवकाबाई म्हणाल्या. "तुया बापानं ठोकली हाय."

"माय, कुत्रं ठेवायचं का नाल ठेवायची?"

"दोनी."

दुपारपर्यंत हा वाद चालला. शेवटी कॉइल उंबरठ्यातून काढून भोकाच्या वरच्या अंगाला चिकटवली. तासाभराचं काम. टक झालं. जीवन हसलासुद्धा नाही.

रविवारी अकराला तेजस्विनी आली. पिकअपमध्ये पोतं आणि दोरी. सगळे आत उभे राहिलो. पटवारी बाहेरून आला. टक. कडी सुटली. पटवारी मागे सरला आणि बसला. जीवननं झडप हलवून दाखवली. पटवारी बसलेलाच. त्याच्या मते दार हे माणसानं उघडायचं असतं.

"ढकल ना बे!" जीवन म्हणाला. पुन्हा टक. पुन्हा टक. तेजस्विनीनं दोरी उचलली.

तेवढ्यात आतून, पलंगावरून, देवकाबाईंची हाक आली, "ये रे पटवाऱ्या."

डोक्यानं झडप ढकलून पटवारी आत आला आणि सरळ पलंगाखाली गेला. तेजस्विनीनं तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा हाकेनंच आला, आणि माय एकदाही उठली नाही. दोरी पिकअपमध्ये परत गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "पडली तं मी तुले सोडणार नाई दादा."

आपल्या दाराला शेवटी हाक लागते, हे जीवनला बोचत राहिलं. त्यानं आईचा आवाज मोबाईलवर भरला आणि दाराला छोटा स्पीकर लावला. टक झालं की दारच म्हणणार, ये रे पटवाऱ्या. पहिल्यांदा वाजलं तेव्हा देवकाबाई पलंगावर ताठ बसल्या.

"काऊन रे, मी मेली का काय? जित्ती असताना माया आवाज डब्यात भरून राह्यला?"

स्पीकर त्याच दिवशी निघाला.

काल दुकानात तो मला म्हणत होता, "तीन आठवडे घातले. दोन रीडर घेतले. अन् शेवटी काय? माय हाक मारते तवा कुत्रं येते. ते तं आधी बी येत होतं."

"आधी त्या उठत होत्या," मी म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. हात वर केला.