वाकडं बटण

आई शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करायची. तिच्या टोमण्यांतून कोणी सुटत नसे. दोन वर्षांपूर्वी ती गप्प झाली. उन्हाळ्यातही स्वेटर घालून भिंतीकडे बघत बसायची.

"आळस भरलाय अंगात," बाबा म्हणायचे. ती उलट बोलायची नाही, नुसती रडायची.

तिनं टोचून काही बोलावं म्हणून दुकानातून घरी आणलेल्या शर्टांना मी मुद्दाम बटणं वाकडी लावायची. ती मुकाट्यानं उसवायची.

शेवटी रक्त तपासलं. थायरॉईड कमी निघालं. रोज उपाशीपोटी गोळी सुरू झाली. "मनही सावरेल, पण हळूहळू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी आईनं माझ्या हातातला शर्ट ओढून घेतला. "बटण लावलंय की नुसतं टांगलंय, बाईसाहेब?"

आणखी ऐकायचं होतं, म्हणून ते उसवून मी पुन्हा वाकडंच लावलं.