कामशातची चाल

शू जंक्शनच्या फलाटावर खरबुजे विकणाऱ्या बायका कामशातला ती दिसण्याआधीच ओळखत. आधी खडीवर बुटांचा आवाज येई, जड आणि एकसारखा. दोन आवाजांच्या मध्ये एवढे अंतर असे, की मधे आणखी एक माणूस चालून जाईल. मग कुणीतरी, थोरलीला लावायचे 'अपा' लावून, म्हणे, "गाडीला वेळ आहे गं, पण कामशात अपा आली." आणि खरोखरच सिग्नलच्या खांबाआडून नारिंगी जाकीट, खांद्याला पट्ट्याने अडकवलेला लांब दांड्याचा हातोडा आणि त्यांच्यामध्ये कामशात प्रकट होई.

रुळांची तपासणी करत चालणे हे तिचे काम. लग्न होऊन ती या गावात आली, तेव्हापासून तेच. रुळांखालचा एक आडवा स्लीपर सोडून दुसऱ्यावर पाऊल टाकायचे, हात मागे बांधून नजर रुळांवर ठेवायची, मधेच थांबून हातोड्याने ठोकायचे आणि कान द्यायचा. अंगाने ती उंच आणि हाडापेराने मोठी, त्यामुळे ते अंतर तिला सहज जमून गेले. पुढे मात्र ते तिच्या पायांतच बसले. बाजारात, दवाखान्यात, मयतीला, कुठेही ती एक स्लीपर सोडूनच चाले. तिचे माहेर मोयिनकुमच्या वाळूकडच्या मेंढपाळांच्या वस्तीत. तिथे टाच रोवली की पाय रुततो, म्हणून पाऊल सपाट टाकायचे, हे ती बोलायच्या आधी शिकली होती. अशी ही चाल वाळूने आणि रुळांनी मिळून घडवलेली. तिच्यात ठुमका शोधूनही सापडला नसता.

त्यामुळे अलमाटीहून विहीणबाईंनी पाठवलेले खोके उघडले, तेव्हा कामशातने आधी झाकणावरचा पत्ता पुन्हा वाचला.

वर गर्द हिरव्या मखमलीचा पायघोळ झगा होता. त्याखाली, पातळ कागदात गुंडाळलेले, त्याच रंगाचे बूट होते. टाचा वीतभर नव्हत्या, पण कामशातला तशाच वाटल्या. शिवाय खाली निमुळत्या होत होत त्या एखाद्या खिळ्याएवढ्या उरल्या होत्या.

"याच्यावर माणूस उभा राहतो?" तिने सुनेला विचारले.

"राहतो, आई. चालतोसुद्धा," सिंबात म्हणाली. ती शाळेत शिकवायची आणि रोज अशाच बुटांवर जायची.

"आणि मी हे नाही घातले तर?"

सिंबातने झगा सासूच्या खांद्याला लावून तो खाली सोडला. चार बोटे मखमल जमिनीवर लोळली. विहीणबाईंनी झगा टाचांच्या हिशेबाने शिवून घेतला होता. कापून लांडा करावा, तर दिलेल्या वस्त्राला कात्री लावल्याचा बोभाटा होणार. आणि विहिणीचा आहेर समारंभात अंगावर दिसला नाही, तर तो तोंडावर फेकल्यासारखाच होतो, हे कामशातला कुणी सांगायला नको होते.

समारंभ नातवाचा होता. अलदियार आता भिंतीला धरून उभा राहू लागला होता. त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या लोकरीची पिळलेली दोरी बांधायची आणि कुणातरी चांगल्या चालीच्या माणसाने ती कापून त्याला पांढऱ्या कापडावरून पहिली पावले चालवायची. दोरी कापणाऱ्याची चाल पोराला लागते, ही तिकडची पक्की समजूत. म्हणून माणूस निवडताना घराघरांत रुसवेफुगवे होतात. इथे रुसवा झाला नव्हता. कामशातचा नवरा सेइतकाली एरवी कशावरही मत देत नसे, पण त्यानेच जाहीर केले होते, "दोरी म्हातारी कापणार. या गावात तिच्याहून ठाम पाऊल कुणाचं आहे?"

कामशातला तो मान हवा होता, आणि त्याला एक कारण होते. समारंभ आटोपला की मुलगा-सून बिऱ्हाड घेऊन अलमाटीला जाणार होते. मुलाला तिथे काम मिळाले होते. नातू वाढणार तो विहीणबाईंच्या डोळ्यांसमोर, त्यांच्या हातचे खाऊन, त्यांच्या गोष्टी ऐकून. कामशातचे असे त्याच्यापाशी काय उरणार होते? एक चाल. तेवढी तरी त्याच्याबरोबर जावी, असे तिला वाटे. हे ती कुणाशी बोलली मात्र नव्हती.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. राऊझाबाईंचा आवाज मधात घोळून येई.

"विहीणबाई, मापाला बसलं ना सगळं? टाचा जरा उंच आहेत हो. तुम्हाला सवय नसेल तर मुळीच त्रास करून घेऊ नका. दोरी काय, मीसुद्धा कापीन. आपल्यात कसला परकेपणा?"

"छे छे! बूट छान आहेत. पायांत घातले की काढावेसेच वाटत नाहीत," कामशात म्हणाली. तेव्हा बूट खोक्यातच होते.

फोन ठेवून ती सुनेकडे वळली. "सिंबात, शिकव."

ही सून नवी नवरी होऊन घरात आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिने पाहुण्यांना चहाचे वाडगे काठोकाठ भरून दिले होते. असा चहा म्हणजे पाहुण्याला 'प्या आणि उठा' म्हणणे. कामशातने तिला शेजारी बसवून अर्धा वाडगा ओतायला शिकवले होते, आणि थेंब जास्त पडला की नुसती भुवई उडवली होती. आता भुवई सुनेकडे होती.

आधी बुटांत जाड लोकरी मोजे घालून ती स्वयंपाकघरात वावरली, म्हणजे कातडे सैल होईल. बुटांचे तळवे काचेसारखे गुळगुळीत होते. सेइतकालीने आपल्या पेटीतला सँडपेपर काढून ते घासून दिले आणि वर म्हणाला, "इंजिन घसरू नये म्हणून चाकाखालीसुद्धा आम्ही वाळू सोडायचो. तू तर त्याच वजनाची." तो निवृत्त इंजिनचालक होता आणि विनोद सगळे रेल्वेचेच करी.

"आई, आधी टाच, मग चवडा."

"वाळूत अशी टाच टाकली असती तर माझ्या बापाने मला तिथंच सोडून मेंढ्या पुढे नेल्या असत्या."

"ही वाळू नाही, गालिचा आहे. आणि खाली नका बघू."

"खाली नको बघू? माझी सगळी नोकरी खाली बघण्याची!"

"समोर बघा. खिडकीतल्या कुंडीकडे. पाठ सरळ. आणि पाऊल लहान, आई, लहान! त्याच्याही निम्मं."

तेवढ्या पावलात कामशातला आपण चालतो आहोत असे वाटेच ना. एका जागी थरथरतो आहोत असे वाटे. दाराच्या चौकटीपाशी तिने कपाट धरले आणि कपाटातल्या चिनी मातीच्या भांड्यांनी टाळ्या पिटल्या. सेइतकाली तिच्यासमोर उभा राहिला, तर त्याचे डोके तिच्या हनुवटीशी आले.

"म्हातारे, आता तुझ्याशी भांडायला मला स्टूल आणावं लागेल."

"आण, म्हातारबुवा. बसायलाही उपयोगी पडेल. भांडण लांबणार आहे."

हळूहळू गालिचा जमला, मग लाकडी जमीन जमली. घोट्यांवर फोड आले, त्यांवर पट्ट्या चिकटल्या. सिंबात म्हणाली, आता कठीण जमिनीवर, लोकांच्या देखत चालायला हवे. कठीण जमीन आणि लोक दोन्ही एकत्र मिळण्याची कामशातच्या ओळखीची जागा एकच होती. पाळी संपल्यावर तिने जड बूट काढले, हिरवे चढवले आणि नारिंगी जाकिटासकट फलाटावर पाऊल टाकले.

खरबुजवाल्या बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिले.

"कामशात अपा, गाडीला झेंडा दाखवायला निघालीस की नवरदेवाला?"

"तपासणीवालीला बढती मिळाली वाटतं! आता रूळ वरून तपासायचे!"

"हसा! उद्या तुमच्या खरबुजावर टाच पडली की हसा," कामशात म्हणाली, कुंडी नव्हती म्हणून स्टेशनच्या घड्याळावर नजर रोखून. घड्याळापर्यंत ती गेली, वळली, परत आली. वळताना एक हेलकावा बसला. पण बायकांनी तोवर हसणे थांबवले होते आणि त्या तोंडाने तिच्या पावलांची मोजदाद करू लागल्या होत्या, जणू त्यांच्याच घरचे कुणी चालते आहे. शेवटी सगळ्यात तिखट तोंडाची जी होती, तिने खरबुजाची फाक कापून पुढे केली. "खा. पण उभ्यानं खा, तेवढाच सराव."

फाक खात खात ती जिंकल्यासारखी घरी आली. सेइतकाली नातवाला गुडघ्यावर खेळवत होता. त्याने तिला दारातून आत येताना पाहिले, टक्, टक्, टक्, लहान नेटकी पावले, मान ताठ, आणि त्याला विनोद सुचला.

"वा! अशी ठुमकत दोरी कापलीस, तर आमचा पठ्ठ्याही जन्मभर ठुमकत चालणार!"

तो आपल्याच विनोदावर हसला. कामशात हसली नाही. ती बूट न काढता पलंगावर बसली.

हे तिच्या डोक्यातच आले नव्हते. दोरी कापणाऱ्याची चाल पोराला लागते, पण कुठली? जन्मभराची, की त्या क्षणी पायांत असलेली? ही उसनी टक्टक् खरे तर राऊझाबाईंची. त्यांनीच घेतलेल्या बुटांची, त्यांच्याच गावच्या रस्त्यांची. म्हणजे हात कामशातचा आणि चाल विहिणीची! एवढे फोड सोसून आपण नेमके तेच पोराच्या पायांत घालणार होतो.

"मी सहज म्हटलं गं," सेइतकाली म्हणाला.

"तू सगळं सहजच म्हणतोस."

सिंबातने तिच्या पायांतले बूट काढले, पावले आपल्या मांडीवर घेतली आणि चोळू लागली. "आई, शाळेतून मी घरी येते आणि बूट काढते. मग मी कुणासारखी चालते?"

"बदकासारखी."

"आणि बूट घातल्यावर?"

कामशातने विचार केला. "बूट घातलेल्या बदकासारखी."

"झालं तर मग," सून म्हणाली.

कामशातचे समाधान अर्धेच झाले. पण आता माघार घेतली तर कात्री विहिणीच्या हाती जाणार होती. अर्ध्या समाधानावर ती उभी राहिली.

समारंभाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. तळलेल्या बाउरसाक-पुऱ्यांचे सोनेरी ढीग, परातीएवढ्या ताटांत मांस, आणि सूत्रसंचालकाचा न थांबणारा आवाज. कामशात हिरव्या मखमलीत दारातून आली आणि हॉलच्या टोकापर्यंत चालत गेली. टाच, चवडा, नजर समोर. राऊझाबाई पुढच्या टेबलाशी उभ्या होत्या. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळले. झग्याची कड जमिनीपासून अगदी केसभर वर झुलत होती.

"विहीणबाई, तुम्ही तर मला लाजवलंत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज या वेळी मधाशिवायच आला.

पांढरे कापड अंथरले होते. त्याच्या टोकाशी सिंबात अलदियारच्या काखांत हात घालून त्याला उभे धरून होती; त्याच्या घोट्यांभोवती काळी-पांढरी दोरी. सूत्रसंचालकाने कात्री कामशातच्या हाती दिली.

आणि त्या क्षणी तिच्या ध्यानात आले, की दोरी खाली, जमिनीशी आहे.

चालायचा सराव झाला होता, वळायचा झाला होता, उभ्याने खरबूज खायचाही झाला होता. खाली बसायचा कुणालाच सुचला नव्हता. रुळापाशी ती हजारदा बसली असेल, पण पाय फाकवून, सपाट बुटांवर. इथे मखमल गुडघ्यांना आवळत होती आणि टाचा खिळ्यासारख्या. ती बसली म्हणण्यापेक्षा उतरली, कणाकणाने. दोरीत कात्री घातली. कच्! लोकर दोन्हीकडे गळून पडली. सिंबातने रिवाजाप्रमाणे हात सोडले. अलदियार डुगडुगला आणि धप्पकन कापडावर बसला. आजी त्याला धरायला झुकली आणि तीही बसली. धप्पकन.

 सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपक खाली घेतला. राऊझाबाई दोन पावले पुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. कामशातने तो हात पाहिला. मग नातवाकडे पाहिले.

अलदियारला उठायची एकच पद्धत ठाऊक होती. त्याने दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, ढुंगण आभाळाकडे केले, आणि हात चालवत चालवत पायांकडे आणले. कामशातने गेल्या महिनाभर हे रोज पाहिले होते. तिने तळवे टेकले. हिरवी मखमल सगळ्या गावादेखत आभाळाकडे झाली. कुठेतरी टरकन शिवण उसवली. पहिल्यांदा सेइतकालीचे हसू फुटले, मग सगळा हॉल फुटला. पण तोवर आजी आणि नातू एकदमच उभे राहिले होते, बूट पायांत, एकमेकांचा हात धरून.

मग ती दोघे चालली. टाचांनी तिला लांब ढांग टाकूच दिली नाही, आणि म्हणून तिचे पाऊल त्याच्या पावलाएवढेच पडले. एक तिचे, एक त्याचे. जड बुटांत ती असती, तर पोरगे तिच्या हाताला लोंबकळतच पलीकडे पोचले असते. कापडाच्या दुसऱ्या टोकाला राऊझाबाईंनी ओंजळभर गोळ्या-चॉकलेटे उधळली आणि पोरांची झुंबड उडाली.

"शिवण मी घालून देईन," त्या कामशातच्या कानाशी म्हणाल्या. "पण हे कुठून शिकलात हो?"

"गुरू तुमच्यासमोरच आहे," कामशातने नातवाकडे बोट दाखवले.

बिऱ्हाड अलमाटीला गेले. हिरवे बूट खोक्यात कपाटावर चढले. कामशात पुन्हा एक स्लीपर सोडून चालू लागली. हात मागे बांधताना नातवाने धरलेला तो हात रिकामा आहे हे तिला अजून जाणवे. अलदियार आता कसा चालतो, हे ती फोनवर विचारत नसे. सून आपण होऊन सांगेल, तेव्हा ऐकायचे, असे तिने ठरवले होते.

फोन आला तो राऊझाबाईंचा.

"विहीणबाई, मला तुमच्याशी बोलायचंय. हा मुलगा बागेत नेला की दोन्ही हात मागे बांधतो."

कामशातने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"ढांग टाकतो ती एवढी, की दर पावलाला पडतो. पुन्हा तसाच उठतो, त्या तुमच्या पद्धतीनं. मान खाली. आणि मधेच थांबून फरशीवर बूट आपटतो आणि ऐकत उभा राहतो. लोक बघतात हो! हा नेमकं काय करतोय, एवढं तरी सांगा मला."

कामशातने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाहेर ताशकंदकडची मालगाडी सुटत होती, आणि तिचा कान सवयीने चाकांच्या आवाजाकडे गेला होता.

"तपासतोय," ती म्हणाली. "तपासू दे. तुमच्याकडच्या फरशा बघायला हव्याच होत्या कुणीतरी."