धावपट्टीवरच्या घागरी

बेंबळीच्या माळावरची मुरमाची धावपट्टी राखायचं काम मिळालं, तेव्हा मच्छिंद्र पन्नाशीला टेकला होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून गुडघे कामातून गेलेले, आणि आता शहाऐंशी साल तसंच कोरडं उगवलेलं. विहिरींच्या कडेनं जो काही ऊस तगला होता त्यावर कीड पडली, म्हणून साखर कारखान्यानं औषध फवारायला छोटं विमान भाड्यानं आणलं. माणसांना प्यायला पाणी नाही आणि उसाला विमान! पण बोलून कुणाला सांगायचं? मच्छिंद्र पट्टीवरची गुरं हाकायचा आणि घरी जाऊन पाय चोळत बसायचा.

गावाचा टँकर बोळात शिरत नसे, तो पट्टीच्या कडेला थांबे. घागरींची रांग पट्टी ओलांडून पार पलीकडं जाई. मोठ्या घरांच्या घागरी पुढं, बौद्धवाड्याच्या शेवटी, मध्ये हातभर जागा सोडून. मच्छिंद्रनं बापाबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला तीस वर्षं झाली होती, हातभर जागा काही बुजली नव्हती. विमान उतरण्याआधी डोक्यावर दोन गिरक्या घेई. तेवढ्या वेळात बायका कुरकुरत घागरी बाजूला करत.

वैमानिक कॅप्टन गोपाळकृष्ण मोकळा माणूस. एकदा चहा पिताना तो म्हणाला होता, "मच्छिंद्रराव, वर इंजिन बंद पडलं तर घाबरून विमानाचं नाक वर ओढायचं नाही. नाक खाली, वेग राखायचा आणि सपाट जागा गाठायची. मग गिरकी नाही. एकदाच उतरता येतं."

त्या दिवशी टँकर आला होता. पुढच्या दहाबारा घागरी भरल्या होत्या. औषध संपवून विमान उंचावरून परतत होतं, तोच त्याचा आवाज खोकल्यागत तुटला आणि थांबला. मच्छिंद्र रांगेकडं धावला.

"घागरी उचला! इंजन बंद पडलंय!"

"आजून दोन गिरक्या घ्यायच्यात की त्याला," सोसायटीच्या चेअरमनच्या घरच्या मालनबाई म्हणाल्या. "आमचा नंबर जातोय तिकडं!"

"गिरकी न्हाय आता! सरळ येतंय!"

कुणी हललं नाही. विमान बिनआवाजी खाली येत होतं. मच्छिंद्रनं मालनबाईंची भरली घागर छातीशी धरून उचलली.

"आरं, शिवू नगंस!"

त्यानं ऐकलं नाही. एक ठेवली, दुसरी उचलली, रिकाम्या घागरी पायानं उडवल्या. शेवटाकडून त्याची बायको जाईबाई धावली, तीही घागरी ओढू लागली. मग कुठं बाकीच्या बायकांनी वर पाहिलं आणि एकच पळापळ झाली. शेवटची घागर हलली आणि विमान धुरळा उडवत पट्टीवर आपटलं, दोनदा उडालं, पुढं जाऊन थांबलं.

कॅप्टन उतरला तेव्हा सदरा घामानं चिंब होता. "टाकी बदलून पाहिली, पंप मारला. इंजिन धरेचना. इंधनाची गाळणी तुंबली असणार. वरून सगळ्या घागरी दिसत होत्या, मच्छिंद्रराव. वाटलं, संपलं." मग म्हणाला, "जरा पाणी मिळेल?"

मालनबाईंनी तांब्या भरून दिला. घागर तीच, मच्छिंद्रनं छातीशी धरलेली. विटाळाचा शब्दही कुणी काढला नाही. टँकरचं पाणी विटाळापायी ओतून द्यायला कुणाला परवडतंय? कॅप्टन घटाघटा प्याला आणि उरलेला तांब्या त्यानं मच्छिंद्रपुढं धरला.

मालनबाईंनी तो मध्येच आपल्या हातात घेतला. "वंजळ धर रं बाबा, लई दमलास," त्या म्हणाल्या. अगदी मायेनं म्हणाल्या.

तांब्या वर, हातभर अंतरावर. ओरडून मच्छिंद्रच्या घशाला कोरड पडली होती. नको म्हणावं, असं त्याला फार वाटलं. तो वाकला आणि त्यानं ओंजळ धरली. पाणी कोमट होतं. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला, आणि स्वतःचाच त्याला एवढा राग आला की कॅप्टननं खांद्यावर ठेवलेला हातही त्याला कळला नाही.

मग रांग पुन्हा लागली, होती तशीच. जाईबाईचा नंबर यायच्या आत टँकर संपला.