मेंढ्यांनी खाल्लेलं पुष्पचक्र

शहीद स्मारकावर वाहायचं पुष्पचक्र मेंढ्यांनी खाल्लं, याला मी एकटा जबाबदार आहे. (मेंढ्यांना मी केव्हाच माफ केलंय.)

जुन्नरजवळच्या टेकडीवर बाग झाली, फिरायला पायवाटा झाल्या आणि माथ्यावर स्मारक उभं राहिलं. त्यावर माझ्या मामांच्या मित्राचं, सदाशिवचं नाव आहे. दोघं एकाच दिवशी फौजेत गेले. मामा हवालदार होऊन परत आले. दर वर्षी सदाशिवच्या स्मृतिदिनी ते इथं पुष्पचक्र वाहतात. गेल्या वर्षी गुडघ्यांमुळे ते सावकाश चढणार, म्हणून चक्र माझ्याकडे सोपवलं.

"बाळू, लई जपून ने."

"मामा, तुमी निर्धास्त या!" असं मी म्हटलं की माझी बायको सुनंदा दचकते.

सुनंदा आणि लेकीला घेऊन मी माथ्यावर पोचलो, तेव्हा स्मारकापाशी अजून कुणी आलं नव्हतं. चक्र पायरीवर ठेवलं. खालच्या उतारावर माझ्या चुलतभावाच्या मेंढ्या चरत होत्या. आमचं घराणं मेंढ्या राखणारं. मी ऑफिसात फायली राखतो. तरी लेकीला म्हटलं, "आजोबा मेंढ्यांना द्यायचे ती हाळी ऐकायचीय? रक्तातच हाय आपल्या!"

"अहो, नगा," सुनंदा म्हणाली.

"वीस वर्सांत दिली न्हाई. त्या काय येत्यात आता?"

दिली. मेंढ्यांनी माना वर केल्या आणि आल्या की हो! एक नाही, सगळ्या! उघड्या फाटकातून, फिरायच्या वाटेनं, अगदी शिस्तीत. वाटेकडेच्या बाकांवरच्या आजोबा मंडळींनी पाय वर घेतले. मेंढ्यांना परत धाडायला मी पुन्हा हाळी दिली. (हाळी बोलावण्यासाठी असते, हे तेव्हा सुचलं नाही.) आता त्या पळत आल्या.

"अहो, चक्र!" सुनंदा ओरडली.

वळलो तोवर झेंडू संपला होता, शेवंतीवर काम चालू होतं. मी चक्राचं कडं इकडून ओढलं, एका मेंढीनं तिकडून. नेमके तेव्हाच मामा माथ्यावर पोचले.

माझ्या हातात नुसतं बांबूचं कडं उरलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा वर्षभर या दिवसाची वाट बघतात! त्यांनी कडं घेतलं, तसंच स्मारकाला टेकवलं आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग डोळे पुसता पुसता हसायलाच लागले.

"सदा बी मेंढपाळाचंच पोर व्हतं, बाळू. आज त्याला घरची मान्सं भेटाया आल्यागत वाटलं आसंल."

यंदा मामांनी चक्र सुनंदाकडे दिलं. माझ्याकडे एकच काम होतं, पायथ्याशी मेंढ्या अडवून धरायच्या. सुनंदा वर पोचली तेव्हा गेल्या वर्षीची चव लक्षात ठेवून मेंढ्या तिथं आधीच हजर होत्या!