हसनची चिठ्ठी

माझ्या बायकोला हे सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका छताखाली राहिली, माझ्या दम्यापासून माझ्या खोकल्यापर्यंत सगळं तिला पाठ होतं — पण हे नाही. हजला जाऊन आलो, तिथेही मनातल्या मनात या गोष्टीला वळसा घालूनच गेलो. आता तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

परवा इथे दुबईत, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मुलाच्या घरी टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीची वादसभा लागली होती. दोन उमेदवार, दोन मेजं, समोर प्रश्न विचारणारे. नात सोफ्यावर पाय घेऊन बसलेली. मला म्हणाली, "दादा, दे आर बोथ लाइंग!" मी उठून बाल्कनीत गेलो. तिला वाटलं, म्हाताऱ्याला इंग्रजी झेपत नाही. इंग्रजी मला झेपतं. सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

सन साठ. दुबईत तेव्हा रुपया चालायचा, वीज नव्हती, आणि आम्ही रत्नागिरीकडची वीस-बावीस माणसं खाडीकाठच्या देऱ्यात खजुरीच्या झावळ्यांच्या खोल्यांत राहायचो. मी एका आगबोट कंपनीच्या एजंटाकडे कारकून. आमच्यात इंग्रजी येणारा एकटा मी. म्हणून मला सगळे मुन्शी म्हणायचे — आणि मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

हसन तांडेल होता. बोट बाहेर समुद्रात थांबायची, तिथून माल आणणाऱ्या पडावांचा म्होरक्या. आवाज असा की खाडीच्या या काठावरून त्या काठाला ऐकू जावा. कुणी आजारी पडलं की उशाशी हसन, कुणाचं भांडण झालं की मध्ये हसन. खिशाला कायम पेन. बोटीवरून आलेला मराठी पेपर तो मांडीवर उघडून बसायचा आणि गावकऱ्यांना बातम्या सांगायचा.

त्या बातम्या सकाळी मी त्याला वाचून दाखवलेल्या असायच्या. हसनला अक्षर येत नव्हतं. सही तेवढी झोकात करायचा, बस्स. हे जगात तीन माणसांना ठाऊक होतं — तो, त्याची जुबेदा आणि मी. जुबेदा गावच्या मास्तरांना सांगून पत्र लिहवून घ्यायची. ते माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर यायचं. मग आम्ही दोघं वखारीच्या मागे जायचो, मी वाचायचो, आणि हा सहा फुटी माणूस डोळे मिटून ऐकायचा. कधी कधी म्हणायचा, "ती ओळ पुन्हा वाच ना रे."

कळतंय ना, त्याने माझ्या हातात काय दिलं होतं?

त्या साली साहेबाच्या बॅटरीवरच्या रेडिओवर आम्ही अमेरिकेतली वादसभा ऐकली. तिकडे रात्र, इकडे फजरची नमाज होऊन उजाडलेलं. खरखरीतून दोन आवाज यायचे आणि मी मराठीत सांगायचो. लोकांना काय मजा वाटली! दोघं माणसं समोरासमोर उभी राहून भांडतात आणि कुणी कुणाची गचांडी धरत नाही! त्याहून आवडली ती जोडीची गोष्ट — तिथे अध्यक्षाबरोबर त्याचा जोडीदारही उभा राहतो, मत दोघांना मिळून. उस्मानचाचा चहाचं दुकान चालवायचे, जिभेचे तिखट. ते म्हणाले, "म्हणजे हा उप काय करणार? दुसऱ्याच्या जनाज्याची वाट बघणार!" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

आमच्या गावच्या जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, त्याच महिन्यात निवडायचा होता. परदेशात मेलेल्याचं कफन-दफन, आजाऱ्याला घरी पाठवणं, गावच्या मशिदीशी पत्रव्यवहार — सगळं सदराच्या अंगावर. ठरलं की या वेळी अमेरिकेसारखं करायचं. वादसभा, जोड्या, सगळं. एक जोडी उस्मानचाचा आणि त्यांचा मेव्हणा. दुसरी — सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं — सदर हसन, नायब मुन्शी.

नायब. रेडिओ मी ऐकवला. अमेरिका मी समजावली. जमातीची पत्रं मी लिहायचो. आणि मी कुणाचा उप? ज्याला स्वतःच्या बायकोचं पत्र वाचता येत नाही त्याचा. हसनने मला मिठी मारली, म्हणाला, "तू आहेस म्हणून मी उभा राहतो, नाहीतर माझी काय औकात?" तो मनापासून बोलत होता. त्यामुळे तर मला जास्तच झोंबलं.

मग मी — थांबा, नीट सांगतो. गडबडीत सांगितलं तर पुन्हा वळसा घालीन.

लोकांनी मला विचारलं, अमेरिकेत प्रश्न कसे विचारतात? रेडिओवर मी ऐकलं होतं, प्रश्न पेपरवाले विचारत होते आणि उमेदवार उत्तरं देत होते. मी सांगितलं, तिकडे प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकतात. उमेदवार स्वतः चिठ्ठी उचलतो, उभा राहून मोठ्याने वाचतो आणि मग उत्तर देतो. दुसऱ्याने वाचलेली चालत नाही. असं मी सांगितलं. कोण तपासणार होतं? अमेरिका माझ्या एकट्याच्या ताब्यात होती.

हसन त्या वेळी तिथे नव्हता, बोटीवर होता. त्याला मी नियम सांगितलाच नाही.

शुक्रवारी जुम्म्यानंतर चटया अंथरल्या. बिस्किटाच्या डब्यात चिठ्ठ्या. सगळ्या माझ्याच हातच्या, कारण लोक प्रश्न सांगायचे आणि लिहायचो मी. मुद्दाम लांबलचक लिहिल्या होत्या, अंदाजाने ठोकून देता येऊ नये म्हणून. उस्मानचाचांनी त्यांची चिठ्ठी अडखळत का होईना वाचली. मग हसनने डब्यात हात घातला.

त्याने चिठ्ठी उघडली. बघितली. मग हसत हसत माझ्यापुढे धरली, "मुन्शी, तू वाच." कुणालाही खटकलं नसतं. मी घेतली असती तर पुढच्या मिनिटाला तो आपल्या त्या आवाजात बोलायला लागला असता आणि सगळी मतं त्याची होती. मी म्हणालो, "नियम आहे, हसनभाई. ज्याची त्याने वाचायची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पडाव हलत असताना माणूस धरायला हात शोधतो ना, तसं. आणि मी चटईची एक सुटलेली काडी ओढत बसलो. किती वेळ? मला माहीत नाही. मागून कुणीतरी हसलं. मग दुसरा हसला. शेवटी उस्मानचाचाच — ज्यांच्या विरोधात तो उभा होता ते — म्हणाले, "खलास, राहू द्या. चष्मा विसरला असेल." हसनला चष्मा नव्हता. त्याने चिठ्ठीची नीट घडी घातली, डब्यात ठेवली आणि खाडीकडे चालू लागला. त्या लांबलचक चिठ्ठीत प्रश्न एवढाच होता, की मशिदीची विहीर पावसाआधी साफ करायची की नंतर.

उस्मानचाचा सदर झाले. त्यांच्या मेव्हण्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून काम बघायला नायब मलाच केलं. मी हो म्हणालो.

इथे थांबलो असतो तर ही नुसती हलकटपणाची गोष्ट झाली असती. असे हलकट पुष्कळ असतात.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी जुबेदाचं पत्र आलं. पाकिटावर मास्तरांचं अक्षर. मी हसनला दिलं, त्याने घेतलं, वरच्या खिशात ठेवलं आणि गेला. वखारीच्या मागे आला नाही. दुसऱ्या दिवशी पाकीट खिशात तसंच. तिसऱ्या दिवशीही. त्याचा कोपरा घामाने पिवळा पडत गेला. आता त्याला अक्षर येत नाही हे सगळ्या देऱ्याला माहीत होतं, म्हणून तर तो कुणाकडेच वाचायला देईना. रोज तो पडावावरून माल मोजून द्यायला माझ्यासमोर यायचा आणि रोज मला ते न फोडलेलं पाकीट दिसायचं. "दे इकडे" — दोन शब्द. ते बोलायचे तर त्याच्या डोळ्यांत बघावं लागलं असतं. या मधल्या काळात मुंबईकडे दोन बोटी गेल्या. मालाची कागदपत्रं मीच केली.

मग एक बोट मुंबईहून आली. तिच्यातून गावचा एक माणूस उतरला आणि धक्क्यावरच हसनच्या गळ्यात पडून रडायला लागला. जुबेदा गेली होती.

दुपारी हसन ऑफिसात आला. पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. "वाच."

मी फोडलं. एकच पान होतं. जुबेदाने लिहवलं होतं — ताप उतरत नाही, डॉक्टरने आशा सोडलेली नाही पण मला कळतंय. मिळेल त्या बोटीने या. तुम्ही येईपर्यंत मी थांबते.

मी वाचलं — "तब्येत जरा नरम आहे. काळजी करू नका. कामधंदा सोडून येऊ नका."

"तिने बोलावलं नव्हतं ना?" हसनने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. म्हणाला, "ती ओळ पुन्हा वाच." मी पुन्हा वाचली. जी तिथे नव्हती ती ओळ, शब्द न चुकता. त्याने माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, पत्र घेतलं आणि गेला.

त्याच्यावर दया केली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. दया नव्हती ती. खरं वाचलं असतं तर त्याने मनात हिशोब मांडला असता — पत्र का पडून राहिलं, चिठ्ठी कुणी वाचायला लावली, नियम कुणाचा. मी स्वतःला वाचवत होतो. आणि त्यासाठी एका मेलेल्या बाईचं शेवटचं बोलणं मी गिळलं.

हसन पुढे पूर्वेच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानला मासेमारीच्या होड्यांवर गेला. सात-आठ वर्षांनी कामासाठी कंपनीच्या लाँचने मी तिकडे गेलो. किनाऱ्यावर एका झोपडीच्या सावलीत तो बसला होता. मांडीवर जुना मराठी पेपर. ओळीखाली बोट सरकत होतं, ओठ हलत होते. मी बघतच राहिलो. त्याने मान वर केली आणि हसला. कुठल्याशा मास्तराकडे तीन हिवाळे बसून शिकला म्हणे. मला बिनदुधाचा चहा पाजला, मुलांची विचारपूस केली, उस्मानचाचांची केली. जुबेदाचं नाव त्याने काढलं नाही. झोपडीत कोपऱ्यात त्याची पत्र्याची पेटी होती; ते पत्र तिच्यातच असणार. तिच्याकडे न बघता मी तो चहा प्यायलो.

लाँचपर्यंत तो पोचवायला आला. मी चढल्यावर म्हणाला, "मुन्शी, पत्र टाकत जा. आता माझी मी वाचतो."

मी एकही पत्र टाकलं नाही.