पोत्याखालचं आडनाव

ती त्या दिवशी नको म्हणाली होती. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. सांगलीच्या हळद बाजारात सगळे धरून चालतात की तिनं हौसेनं पोतं उचललं आणि कंबर मोडून घेतली. तशी समजूत करून देणारा मीच.

मी एका अडत दुकानात दिवाणजी आहे. आमच्या गोदामात हळद निवडायला बायका येतात. ती त्यांतलीच, पलूसकडच्या एका खेड्यातून एसटीनं येणारी. पोती उचलायची ती हमालांनी, बायकांनी त्याला हात लावायचा नाही, अशी रीत. पण आमचे बहुतेक हमाल माणदेशातले, आणि म्हसवडच्या जत्रेत रथ निघायच्या दिवशी त्यातला एकही सांगलीत सापडत नाही. एका वर्षी नेमका त्याच दिवशी ट्रक दारात उभा राहिला. शेठ फोनवरून तापत होता. कुणी काही सांगायच्या आत हिनं पदर खोचला, पोतं पाठीवर घेतलं आणि फळीवरून चढून ट्रकात टाकून आली. बाकीच्या बायका तोंडावर हात ठेवून बघत राहिल्या.

तेव्हा मी वजन उचलण्यात देशाला पदक आणून दिलेल्या एका खेळाडूचं आडनाव घेतलं. ते इथं लिहीत नाही. त्या खेळाडू बाईचा यात काही दोष नाही, तिला आमच्या गोदामात ओढून आणलं ते मी. इथं अमकी म्हणतो.

“तू तर आमची अमकी हायस गं!”

“कोण वो ती, दिवाणजी?”

मी मोबाइलवर त्या खेळाडूचा व्हिडिओ दाखवला. तिनं परत एकदा लावायला सांगितलं. “आगं बया, ही तर माझ्याएवढीच बुटकी हाय की!” म्हणाली, आणि पुढच्या पोत्याखाली वाकली. संध्याकाळपर्यंत तिनं एकटीनं ट्रक भरला. तिला वाटलं मी कौतुक केलं. मला ट्रक भरायचा होता.

मग ते आडनाव बाजारभर झालं. चहावाल्याच्या पोरानं भरलेली किटली एका हातात आणली तरी “लय अमकी झालास की रं” असं व्हायचं. निवडणाऱ्या बायका भांडताना “उगं अमकी हू नगंस” म्हणायच्या. घरी बायकोनं गॅसची टाकी आत घ्यायला बोलावलं तर मी बसल्या जागेवरून म्हणालो, “तूच हो की अमकी.” ती हसली नाही. आणि हमाल कमी पडला की शेठ मला विचारायचा, “अमकी आलीय न्हवं?” तिला हमालाची मजुरी कधी मिळाली नाही. नाव दिलं होतं ना!

ती नको म्हणाली त्या दुपारी थोडीच पोती राहिली होती. हमाल जेवायला गेले होते, येईपर्यंत थांबलो असतो तर काही बिघडणार नव्हतं. मी तिला हाक मारली.

“आज नगं, दिवाणजी. कालपास्नं कंबरंत चमक भरलीया.”

“व्हय? अमकी म्हणाली असती का असं?”

बायका खिदळल्या. तीही हसली, आणि उठली. फळीच्या मध्यावर पोत्यासकट खाली बसली. पडली नाही, नुसती बसली. मग तिला उठताच येईना.

नवरा आला तेव्हा तिला रिक्षात आडवं केलं होतं. मी त्याला म्हणालो, “मी नको नको म्हणत होतो, वहिनींनी ऐकलंच नाही बघा.” तिनं माझ्याकडं बघितलं. बोलली नाही. तिची जाऊ आमच्याकडंच निवडायला यायची, तिचं काम जाईल म्हणून असेल; ऐकणाऱ्या बायकांनीही त्याच भीतीनं पुढं कुठं तोंड उघडलं नाही. तेव्हा मला तेवढंच कळलं की ही बोलणार नाही, आणि बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

जाऊ अजून येते. तिच्याकडून कळतं. हिला चुलीपुढं बसवत नाही, कळशी उचलवत नाही. पाणी मागितलं की नवरा म्हणतो, “लय अमकी व्हाय गेलीस, आता भोग.” पोरंही बापाचं ऐकून तेच म्हणतात. ज्या आडनावानं ती एकदा एवढी खुलली होती, ते तिला आता घरात रोज ऐकावं लागतं.

गोदामात हल्ली दुसरी एक बाई पोती उचलते. तिलाही तेच नाव पडलंय. मी घेत नाही ते. पण घेणाऱ्यांना गप्पही करत नाही.

पहिलीच्या गावी जाऊन तिच्या नवऱ्याला आणि पोरांना समोर बसवून सांगायचं आहे की तिला हौस नव्हती, मी तिला टोचून उठवलं आणि वर खोटं बोललो. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.