झोळ्यांची बाग

त्या वर्षी आमच्या गावच्या बागेत झाडांना पानं नव्हती, फुलं तर नव्हतीच. झाडाझाडाला लटकत होत्या त्या झोळ्या. जुन्या लुगड्यांच्या – हिरव्या, किरमिजी, विटून राखाडी झालेल्या... प्रत्येक झोळीत एक तान्हं लेकरू, आणि वाऱ्याची झुळूक आली की साऱ्या झोळ्या एकदमच हलायच्या. फोडलेल्या दगडाची पांढरी धूळ, उन्हात वाळत घातलेल्या दुपट्यांचा आंबूस वास, मजुरांना वाटायला शिजणाऱ्या सुकडीचा गोडसर दरवळ, आणि या सगळ्यांना पुरून उरणारा सुरुंगाच्या धुराचा जळका, नाकात झोंबणारा दर्प – माझ्या बालपणाचा वास कुणी विचारला तर मी हाच सांगेन. मोगरा, पारिजातक वगैरे लोकांच्या बालपणात असतात. माझ्या बालपणात हा धूर होता.

बहात्तरच्या दुष्काळाचं साल. बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. सिरसाळ्याच्या बाजारात बैलजोडी मातीमोलानं विकून माझे वडील – त्यांना आम्ही दादा म्हणायचो – पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते. माय नुकतीच बाळंत झाली होती, म्हणून ती मागं राहिली. सोबत मी, आठ-नऊ वर्षांची, आणि झोळीतला दत्तू, माझा भाऊ. घरात तांबड्या मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या अमेरिकन ज्वारीच्या भाकरी, ज्या थापताना मोडायच्या आणि खाताना घशात अडकायच्या. विहिरी तळाला गेलेल्या. अशात गावच्या मजूर सहकारी सोसायटीला दुष्काळी काम मिळालं. तहसील कचेरीमागं निजामाच्या वेळची एक लहानशी बाग होती – मधोमध कोरडा हौद, भोवती लिंबाची रांग, कोपऱ्यात म्हातारी चिंच. ती बाग वाढवून मागच्या टेकडीपर्यंत न्यायची, आणि टेकडीला वळसा घालून माथ्यापर्यंत लोकांना फिरायला वाट काढायची, असं ते काम. नकाशात म्हणे माथ्यावर बाकंही दाखवली होती.

आमच्या शेजारच्या कोंडाबाईनं पहिल्याच दिवशी हातोडा खाली टाकून सगळ्यांना ऐकवलं, "पोटात न्हाई दाणा, अन् म्हणं हवा खायाला वाट करा! कुणाला खायाचीय गं हवा? आमी तर चार महिने तीच खातोय की!"

बायका हसल्या, आणि हसत हसतच खडी फोडायला बसल्या. काम होतं ही थोडी गोष्ट नव्हती.

मी जात्याच भित्री. पालीला भ्यायची, अंधाराला भ्यायची, कचेरीच्या शिपायाच्या मिश्यांना भ्यायची. माय म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अगं, ज्याला लोक भितात ते समदं तुलाच कसं दिसतंय?" पण सुरुंगाला भिण्यात माझ्यासोबत सारं गाव होतं. टेकडीचा दगड काळा, कडक. पहार त्यावरून नुसती घसरायची. म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी उस्मानचाचा नावाचे सडपातळ, दाढी मेंदीनं रंगवलेले गृहस्थ खडकातल्या भोकांत दारू ठासायचे, वात लावायचे आणि शिट्टी फुंकायचे. लांब, कापरी शिट्टी... ती अजूनही कधी प्रेशर कुकरच्या आवाजात मला ऐकू येते आणि हातातलं काम थांबतं.

शिट्टी झाली की सगळ्यांनी बागेतून निघून ओढ्याच्या पुलाखाली जायचं. ओढा कोरडा ठणठणीत, पुलाची कमान दगडी – तिथं अंग चोरून बसायचं. आणि झोळ्यांतली लेकरं? त्यांच्यासाठी सोसायटीच्या मुकादमानं एक नियम घालून दिला होता. सुरुवातीला प्रत्येक बाई आपलंच लेकरू शोधत धावायची. धावताना एकमेकींवर आदळायच्या, पडायच्या, आणि वात तिकडं जळत यायची. तेव्हा मुकादम ओरडून बोलला, "आपलं-परकं पुलाखाली बघा! जिला जी झोळी जवळ, तिनं त्यातलं लेकरू उचलायचं अन् पळायचं. मागं वळून बघायचं न्हाई." तसंच होऊ लागलं. पुलाखाली पोहोचलं की लेकरांची अदलाबदल व्हायची – "हे घे तुझं, माझं आण इकडं" – आणि तेवढ्यातही एखादी दुसरीच्या रडत्या लेकराला छातीशी धरून पाजत असायची. नियम चांगला होता. चांगल्या नियमांचीच मला आजवर जास्त भीती वाटत आली आहे, कारण ते आहेत म्हटल्यावर कुणी पुन्हा डोळे उघडून बघत नाही.

त्या दिवशी मी बागेच्या फाटकाशी सुकडीच्या रांगेत होते. दत्तूची झोळी रोज लिंबाच्या रांगेत असायची. पण सकाळपासून त्याच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून मायनं ती सोडली आणि हौदामागच्या चिंचेला, तिच्या जाड खोडाच्या सावलीत, नेऊन बांधली. चिंच टेकडीच्या अगदी पायथ्याशी. तिच्या बुंध्याजवळच दोघी बायका रोज खडी फोडत. शिट्टी झाली की त्याच त्याला उचलतील हे मायनं गृहीत धरलं. आणि त्या दोघींना मुकादमानं थोड्याच वेळापूर्वी टेकडीपलीकडं माती ओढायला पाठवलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. कशाला सांगतील? झोळी हलवलेली तरी कुणाला ठाऊक होती?

शिट्टी झाली. मी टोपलं टाकून पळाले. माय उतारावरून आली, तिला जवळची झोळी लाभली ती कोंडाबाईच्या नातीची. ते लेकरू उचलून ती पुलाखाली शिरली. घामेजलेली अंगं, धापा, रडणी... कोंडाबाईनं हात पसरून नात घेतली. माय मोकळ्या हातांनी एकीकडून दुसरीकडं बघू लागली. मग तिनं प्रत्येकीच्या पदराखाली डोकावायला सुरुवात केली.

"माझा दत्तू कुणापाशी हाय? कोंडाबाई, दत्तू कुणी घेतला गं? बोलंना कावून कुणी!"

एवढ्या बायका, एवढी पोरं, आणि त्या कमानीखाली एकदम अशी शांतता, की कुणाच्या तरी बांगड्यांचा हलका किणकिणाट तेवढा ऐकू आला.

माय पळत सुटली. कोंडाबाईनं तिला कमरेत मिठी घातली, दुसरीनं हात धरले. मायनं कोंडाबाईच्या मनगटाला चावा घेतला – माझ्या मायनं, जी कधी कुणाला अरे-तुरे करत नव्हती. उस्मानचाचा धावत पुलाशी पोहोचत होते. काय झालं ते कळलं तसे ते मागं फिरले, चार पावलं गेले, आणि थांबले. दोन्ही हात डोक्यावर ठेवून मटकन खाली बसले.

"बत्ती लग गई, माँ... अब नक्को जाव. अल्ला, अब कुछ नहीं होता..."

मी कानांत बोटं घातली होती, डोळे गच्च मिटले होते, आणि मनात एकच चाललं होतं – वात विझू दे, विझू दे. ती विझली नाही. जमीन पायाखालून हलली, कमानीतली माती आमच्या डोक्यांवर सांडली, आणि मग पाऊस पडावा तसे वरच्या रस्त्यावर दगड पडत राहिले. फार वेळ पडत राहिले, असं मला वाटलं.

धूळ खाली बसायच्या आत माय पोहोचली होती. मी तिच्या मागं. चिंचेच्या बुंध्यात दगडाच्या कपच्या रुतल्या होत्या, एक फांदी मोडून लोंबत होती. आणि झोळी तशीच, सावकाश हलत होती. मायनं ती फाकवली. दत्तू जागा होता. धुळीनं पांढरा झालेला, डोळे टक्क उघडे, आणि रडत नव्हता. तिनं त्याला असं काही छातीशी आवळलं की मला वाटलं आता गुदमरेल.

मग काय, बागेत सणच झाला. मुकादमानं नारळ फोडला, सोसायटीच्या चेअरमननं गूळ वाटला, कोंडाबाईनं आपलं दात उमटलेलं मनगट मिरवत सगळ्यांना सांगितलं, "वाघ हाय, वाघ! एवढा बार झाला, पण रडला न्हाई गडी!" उस्मानचाचांनी दत्तूच्या कपाळाला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावला. दत्तूच्या कानाजवळ रक्ताची एक बारीक रेघ होती. मायनं ती पदरानं पुसली आणि म्हणाली, "कपची लागली वाटतं." मी जवळच उभी होते. ओरखडा कुठंच नव्हता. रेघ कानाच्या आतून आली होती. मी तसं म्हणाले नाही, कारण माय हसत होती, आणि कित्येक महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

काम चालूच राहिलं. सुरुंगही. आता माय दत्तूला पाठीशी बांधूनच खडी फोडायची. पुलाखाली बार झाला की इतर लेकरं किंचाळायची आणि दत्तू तिच्या खांद्यावर झोपलेला असायचा. बायका कौतुकानं म्हणायच्या, "लई गुणाचं लेकरू बाई! रडतच न्हाई." पहिल्यांदा माय या कौतुकानं फुलायची. मग ती नुसतीच मान हलवू लागली. मग तिनं पुलाखाली सगळ्यांपासून लांब, अगदी कडेला बसायला सुरुवात केली.

एके दुपारी घरात दत्तू माझ्याकडं पाठ करून, कसाबसा तोल सावरत बसला होता. चुलीत राख होती, कोपऱ्यात पितळी ताट उभं होतं. माझ्या मनात काय आलं कोण जाणे. मी ते ताट उचललं, पळी घेतली आणि त्याच्या पाठीमागं गेले. पळी वर उचलली... तोच मायनं माझा हात धरला. रागावली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "राहू दे, बाय." तिची बोटं थंडगार होती. तेव्हा मला कळलं की तिलाही ते ठाऊक आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त भीती तिला वाटते आहे. माय भिऊ शकते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. पालीला, अंधाराला, मिश्यांना मी भ्यायचे ते सारं लुटुपुटीचं होतं. खरी भीती मला त्या थंड बोटांनी शिकवली.

पुढं दादा परत आले. दारातूनच हाळी दिली, "कावून बे दत्त्या, बापाला वळखतो का न्हाई?" दत्तू त्यांचा चेहरा दिसताच खुदकन हसला. चेहरे पाहून तो नेहमीच हसायचा, त्यामुळं कुणाला शंका येत नसे. दादांनाही आली नाही. आणि मायनं सांगितलं नाही.

मग वाढवलेल्या बागेचं उद्घाटन झालं. हौदात टँकरनं पाणी आणून ओतलं होतं, रोपांना काट्यांचं कुंपण, टेकडीच्या वाटेला चुन्याच्या पांढऱ्या रेघा. वाट खरंच देखणी झाली होती. ती ज्यांनी फोडली त्याच बायका नवलानं तिच्याकडं बघत होत्या. मोठे पुढारी आले. ताशेवाले आमच्या अगदी पुढ्यात उभे राहिले, काड्या ताशावर पडल्या, आणि पाठोपाठ फटाक्यांची लांबलचक माळ लागली. कडेवरची सगळी लेकरं एका सुरात भोकाड पसरून रडू लागली. दत्तू मायच्या खांद्यावर गाल टेकून झोपला होता. त्याची पापणीसुद्धा हलली नाही.

दादांनी त्याच्याकडं पाहिलं. मग मायकडं. ताशा वाजतच होता. माय सगळ्यांसमोर, त्या चुन्याच्या रेघेवर खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. लोकांना वाटलं, बाईला आनंद झाला.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितलं ते आम्हाला माहीतच होतं. एका कानाचं ऐकू येणं त्या बारातच संपलं होतं, दुसऱ्यात जे काय थोडं उरलं होतं तेही पुढं गेलं.

दत्तू आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. शिंपीकाम करतो, हात सोन्याचा आहे, घरी बायको-मुलं आहेत. आणि त्याला सगळ्या गावात काय आवडावं, तर ती टेकडीची वाट! रोज सकाळी तो ती चढतो. माय त्या वाटेचं नावही काढत नसे, पण तो एकटा चढू लागला तेव्हापासून ती त्याच्या मागून चालायची, म्हातारपणी गुडघे धरून चालायची. उगवतीचं ऊन चढताना पाठीवर येतं. आपली सावली त्याच्या पावलांशेजारी पडेल एवढंच अंतर माय राखायची. मागून सायकल आली, गुरं आली, की ती हात वर करायची. पुढ्यातल्या सावलीचा हात उठलेला दिसला की दत्तू बाजूला व्हायचा. हे त्यांचं ठरलेलं होतं, कुणी कुणाला शिकवलं ते मला माहीत नाही.

माय गेली. मी नोकरीतून निवृत्त होऊन गावी आले, आणि आता त्याच्या मागून मी चालते. नगरपालिका बाग पुन्हा वाढवते आहे. वाट रुंद होते आहे, फरशा, दिवे, व्यायामाची लोखंडी यंत्रं. टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीपर्यंत रस्ता जाणार आहे. चांगलंच आहे. लोकांना चालायला जागा हवी. पण मुरूम टाकणारे टिपर सकाळपासून त्याच वाटेवर मागं-पुढं होत असतात, मागं येताना टीं-टीं वाजतात, आणि तो आवाज फक्त मलाच ऐकू येतो.

परवा सकाळी आभाळ भरून आलं होतं. खाली चहाच्या टपरीवर लोक हात जोडून वर बघत होते. गेली दोन वर्षं कोरडीच गेली होती. मी आनंदानं चार पावलं चालले आणि सहज खाली पाहिलं. वाटेवर माझी सावली नव्हती. मागून टिपर टीं-टीं करत उलटा येत होता. मी हात वर केला, दोन्ही हात वर केले, मग "दत्तू!" म्हणून ओरडले – इतक्या वर्षांनंतरही मी ओरडले – आणि जीव खाऊन धावले, त्याची बाही धरली आणि त्याला वाटेच्या कडेला ओढलं. टिपर बाजूनं गेला. दत्तूनं वळून माझ्याकडं पाहिलं, हसला, आणि बोटानं वर दाखवलं – बघ, कसं भरून आलंय!

मी मान हलवली. घरी येईपर्यंत त्याची बाही मात्र मी सोडली नाही.